तळाची ओळ कापलेली भित्तिपत्रके

१)
पुण्या-मुंबईतील कॉफीगृहाची भिंत असो वा नव्या सदनिकेतील दिवाणखाना, जुन्या मोटारींच्या जाहिरातींची भित्तिपत्रके आता हमखास दिसतात. समुद्राकाठच्या वळणावर झेपावणारी शर्यतीची गाडी, वर मोठ्या अक्षरांत ‘मोनाको’. कडा मुद्दाम पिवळट केलेल्या, घड्यांच्या खुणाही छापूनच आणलेल्या. कागद मात्र गेल्या महिन्यातला. ही चित्रे देखणी आहेत, याविषयी वाद नाही. वाद आहे तो छापताना त्यांच्या तळाशी कापून टाकलेल्या एका बारीक ओळीविषयी.

२)
ती ओळ कोठून आली? फ्रान्सच्या २९ जुलै १८८१च्या मुद्रणस्वातंत्र्य कायद्याने छापील मजकुरावर मुद्रकाचे नाव व पत्ता असणे बंधनकारक केले. पॅरिसच्या जुन्या भिंतींवर ‘पत्रके लावण्यास मनाई’ या सूचनेसोबत आजही याच कायद्याची तारीख रंगवलेली आढळते. रस्त्यावर लागणाऱ्या खाजगी जाहिरातीला करही होता. त्याचे तिकीट वा शिक्का पत्रकाच्या कोपऱ्यात असे. चित्रकाराची सही, मुद्रकाची ओळ आणि कराचे तिकीट, अशा तीन खुणा अंगावर घेऊनच भित्तिपत्रक रस्त्यावर उभे राहत असे.

३)
ही प्रथा महाराष्ट्राला परकी नाही. १८६७च्या मुद्रणालये व पुस्तक-नोंदणी कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानातही छापील कागदावर मुद्रकाचे नाव व छपाईचे ठिकाण देणे सक्तीचे केले होते. लक्ष्मी-सरस्वतीच्या जुन्या तसबिरींच्या तळाशी रवि वर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा असे बारीक अक्षरांत दिसते. आज संशोधक त्या तसबिरीचा काळ व उगम ठरवतो तो बऱ्याचदा या ओळीच्याच आधारे. देवीच्या चित्रालाही जो पत्ता द्यावा लागे, तो मोटारीच्या चित्राला का नको?

४)
सरकारला ही ओळ हवी होती ती कलाप्रेमापोटी नव्हे. आक्षेपार्ह काही छापले गेले तर कोणाला धरायचे, हे ठाऊक असावे म्हणून. हेतू पोलिसी होता; पण त्यातून इतिहासाच्या हाती एक अमोल गोष्ट आली. भित्तिपत्रक हे कोणाचे तरी बोलणे आहे, ते एका विशिष्ट वर्षी, विशिष्ट लोकांना, कोणाच्या तरी पैशाने सांगितले गेले, याची ती कबुली होती. ओळ कापली की बोलणारा अदृश्य होतो आणि त्याने दिलेले वचन तेवढे भिंतीवर उरते.

५)
कापाकापी होते ती साध्या व्यवहारातून. त्या काळचे मोठे फ्रेंच भित्तिपत्रक साधारण १२० बाय १६० सेंटिमीटरचे असे. ते चालत्या माणसाला रस्त्यापलीकडून दिसावे म्हणून आखलेले. शिळाछापात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड किंवा पत्रा लागे. आज तेच चित्र तयार चौकटीच्या मापात बसवताना आधी कात्री लागते ती कडांना, आणि नेमक्या कडांवरच सही, वर्ष व मुद्रक असतात. वर कृत्रिम जुनेपणाचा लेप चढतो. खरे वय पुसायचे आणि खोटे वय रंगवायचे, असा हा उलटा कारभार आहे.

६)
येथे एक आक्षेप न्याय्य आहे. प्रतिकृती करणे हेच पाप का? मुळीच नाही. १८९५ ते १९०० या काळात पॅरिसच्या शे मुद्रणालयाने ‘ले मेत्र द लाफिश’ ही मालिका काढली. गाजलेल्या भित्तिपत्रकांच्या लहान आकारातील २५६ प्रतिकृती तीतून वर्गणीदारांच्या घरी गेल्या. त्याआधीपासूनच रसिक लोक रस्त्यावरची ओली पत्रके सोलून नेत होते. म्हणजे घरात लावण्याची हौस भित्तिपत्रकाइतकीच जुनी आहे. फरक एवढाच की त्या प्रतिकृतींना क्रमांक होता, चित्रकाराचे नाव होते, मुद्रकाचा ठसा होता. प्रतिकृती प्रामाणिकही असू शकते, याचा तो छापील पुरावा आहे.

७)
ओळ कापल्याने नेमके काय हरवते, हे एका मोटारीच्या दोन जाहिरातींतून पाहता येते. पहिली १९५९ची, अमेरिकेतील. जवळजवळ कोरे पांढरे पान, वरच्या बाजूला इवलीशी फोक्सवॅगन, खाली ‘लहान विचार करा’ अशा अर्थाचे दोन शब्द. न्यूयॉर्कच्या डॉइल डेन बर्नबाख संस्थेची ही निर्मिती. रचना हेल्मुट क्रोन यांची, मजकूर ज्युलियन केनिग यांचा. मुळात हे मासिकाचे पान. आज ते भित्तिपत्रक म्हणून विकले जाते आणि साधेपणाचे, नम्रतेचे प्रतीक म्हणून भिंतीवर चढते.

८)
दुसरी जाहिरात १९३८ची, जर्मनीतील. गाडी तीच, नाव मात्र ‘केडीएफ-व्हागन’, म्हणजे ‘आनंदातून शक्ती’ या नाझी विरंगुळा-संघटनेची गाडी. आठवड्याला पाच मार्क बाजूला टाका आणि स्वतःच्या गाडीतून फिरा, असे तिचे आवाहन. किंमत ९९० मार्क. कामगाराने दर आठवड्याला पाच मार्कांचे तिकीट घ्यायचे, ते बचतपुस्तिकेत चिकटवायचे, पुस्तिका भरत आणायची. ठेवीवर व्याज नाही. हे पत्रक आज कोणी दिवाणखान्यात लावत नाही.

९)
ही योजना चालवणारा जर्मन श्रमिक मोर्चा कोण होता? २ मे १९३३ रोजी नाझींनी देशभरातील स्वतंत्र कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या, नेत्यांना अटक केली आणि संघटनांची मालमत्ता हडप केली. ती या मोर्चाच्या हाती आली. मोटार कारखान्याच्या उभारणीत या लुटीचा पैसा वापरला गेला. २६ मे १९३८ रोजी फालर्सलेबेनजवळ हिटलरने कोनशिला बसवली. कामगारांच्याच मोडलेल्या संघटनांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या कारखान्याची गाडी कामगारांना हप्त्याने विकायची, असा हा व्यवहार होता.

१०)
सुमारे ३ लाख ३६ हजार माणसांनी या योजनेत पैसे भरले. त्यांच्यापैकी एकालाही योजनेतून गाडी मिळाली नाही. युद्ध सुरू झाले आणि कारखाना लष्कराकडे वळला. त्याच सांगाड्यावर क्युबेलव्हागन ही लष्करी गाडी बनू लागली. पुढे उडत्या बाँबचे भागही तेथे तयार झाले. जी मोजकी नागरी मोटारवाहने बाहेर पडली, ती सत्तेच्या वर्तुळात गेली. बचतपुस्तिका घराघरांतील कपाटांत पडून राहिल्या. जमा रक्कम बर्लिनच्या बँकेत होती, ती युद्धाच्या शेवटी सोव्हिएत ताब्यात गेली.

११)
कारखान्यात काम कोणी केले, हा प्रश्न पत्रकावर कधीच नव्हता. युद्धकाळात सुमारे २० हजार माणसांना तेथे सक्तीने राबवले गेले. त्यांत युद्धकैदी होते, पोलंड व सोव्हिएत प्रदेशांतून आणलेले स्त्रीपुरुष होते, छळछावण्यांतील कैदीही होते. सक्तमजूर स्त्रियांची तान्ही मुले त्यांच्यापासून तोडून रुएन गावातील एका ‘बालगृहा’त ठेवली जात. तेथे शेकडो अर्भके उपासमारीने आणि रोगांनी मेली. युद्धानंतर ब्रिटिश लष्करी न्यायालयात त्याचा खटला चालला आणि जबाबदार ठरलेल्या कारखान्याच्या डॉक्टरला १९४७मध्ये फाशी झाली.

१२)
आता पुन्हा १९५९च्या त्या पांढऱ्या पानाकडे पाहावे. ते छापले गेले तेव्हा फसवले गेलेले जुने बचतदार पश्चिम जर्मनीत अजून न्यायालयाचे उंबरठे झिजवत होते. १९४८मध्ये ते संघटित झाले होते. तडजोड झाली १९६१मध्ये: नवी गाडी घेणाऱ्याला जास्तीत जास्त ६०० मार्कांची सूट, किंवा जास्तीत जास्त १०० मार्क रोख. ज्याने वीस वर्षांपूर्वी पूर्ण ९९० मार्क भरले होते, त्याच्या हाती आले ते एवढेच.

१३)
यावरून १९५९ची जाहिरात खोटी ठरत नाही. तिचे कर्तृत्व मोठे आहे. ‘अॅडव्हर्टायझिंग एज’ या नियतकालिकाने १९९९मध्ये या मोहिमेला विसाव्या शतकातील अग्रमानाची जाहिरात ठरवले. संस्थेचे एक संस्थापक विल्यम बर्नबाख ज्यू होते. हिटलरच्या आवडत्या गाडीला अमेरिकेत नवा जन्म देणे त्यांच्यासाठी साधी गोष्ट नव्हती. म्हणजेच हे पान आहे त्याहून अधिक थोर आहे. पण ही थोरवी कळते ती आधीचे पत्रक माहीत असलेल्यालाच. ज्याला ते ठाऊक नाही त्याच्यासाठी ती फक्त एक गोंडस गाडी. ओळ कापल्याने गुन्हा झाकला जातो, तसे कर्तृत्वही झाकले जाते.

१४)
मोनाकोची भित्तिपत्रकेही हेच सांगतात. शहराच्या रस्त्यांवरची ही शर्यत प्रथम १४ एप्रिल १९२९ रोजी झाली. पुढच्या वर्षांत रोबेर फाल्कुची आणि झिओ आम या चित्रकारांनी तिची पत्रके काढली, आणि आजच्या प्रतिकृतींच्या बाजारात तीच आघाडीवर दिसतात. चाके किंचित कललेली, मागे रस्त्याची रेघ, पुढे समुद्र. त्या काळी शर्यतीच्या गाड्यांचे रंग देशाप्रमाणे ठरत: फ्रान्सचा निळा, इटलीचा लाल, ब्रिटनचा हिरवा. म्हणजे सजावट करणारा ज्याला रंगसंगती समजतो, ते राष्ट्रध्वजांचे भांडण होते.

१५)
या भांडणात १९३३नंतर जर्मन सरकारचा पैसा उतरला. मर्सिडीझ-बेंझ आणि ऑटो युनियन या दोन्ही संघांना नाझी राजवटीने अर्थसाहाय्य दिले. विजय हा राष्ट्राचा प्रचार होता. १९३५, १९३६ व १९३७ या तिन्ही वर्षी मोनाकोची शर्यत मर्सिडीझने जिंकली. झिओ आम यांची त्या वर्षांची पत्रके पाहताना हे माहीत असेल, तर त्या वेगाकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते. माहीत नसेल, तर ते फक्त सुट्टीचे चित्र.

१६)
आणि पहिली शर्यत जिंकणारा? बुगाटी चालवणारा विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स, फ्रान्समध्ये वाढलेला इंग्रज. युद्धात तो ब्रिटनच्या गुप्त कारवाई संघटनेत गेला आणि जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये उतरला. रोबेर बेनुआ आणि झाँ-पिएर विमिय या शर्यतपटूंना त्याने आपल्या जाळ्यात घेतले. १९४३मध्ये त्याला अटक झाली. पुढे झाक्सेनहाउझेन छळछावणीत त्याला ठार मारण्यात आले. बेनुआला १९४४मध्ये बुखेनवाल्ड येथे मारले. विमिय वाचला. मोनाकोचे पत्रक भिंतीवर लावणाऱ्याला हे ठाऊक असणे म्हणजे चित्रावर ओझे टाकणे नव्हे. त्या वळणावरून खरोखर गेलेल्या माणसाला ओळख देणे होय.

१७)
इटलीकडे वळले तर फियाटची ‘बलिल्ला’ दिसते. १९३२मध्ये बाजारात आलेल्या या गाडीची किंमत १०,८०० लिरा होती. मार्चेल्लो दुदोविच यांनी १९३४मध्ये नव्या बलिल्लासाठी केलेले पत्रक अभिजात मानले जाते; रुबाबदार स्त्री, देखणी गाडी, आणि ही गाडी सर्वांसाठी आहे असा दावा. बलिल्ला हे नाव मात्र निरागस नव्हते. १७४६मध्ये जिनोव्हात ऑस्ट्रियन सैनिकांवर दगड भिरकावणाऱ्या मुलाचे ते टोपणनाव. मुसोलिनीने ते उचलले आणि १९२६मध्ये मुलांच्या फॅसिस्ट संघटनेला दिले. गणवेशातील मुलांच्या संघटनेचे नाव गाडीच्या बॉनेटवर आले, ते असे.

१८)
सित्रोएनची ‘क्रूझियेर नुआर’ ही मोहीमही अशीच. २८ ऑक्टोबर १९२४ रोजी अर्धसाखळी चाकांच्या आठ गाड्या अल्जीरियातून निघाल्या आणि १९२५च्या उन्हाळ्यात मादागास्करला पोहोचल्या. सोबत चित्रकार अलेक्सांद्र याकोव्हलेव्ह आणि छायाचित्रण करणारे पथक होते. १९२६मध्ये चित्रपटही आला. कॉंगोतील मांगबेतू स्त्रीच्या उंच केशरचनेचे मस्तक या मोहिमेची ओळख बनले. शिल्पकार फ्रांस्वा बाझां याने त्यावरून मोटारीच्या रेडिएटरवर बसवायचे टोपण घडवले. वसाहतीतील प्रजेचे मस्तक गाडीच्या नाकावर, असे हे ‘साहस’. जिच्या चेहऱ्यावरून ही प्रतिमा जगभर गेली त्या स्त्रीचे नाव नोंदीत सापडते: नोबोसोद्रू. प्रतिकृतीवर ते छापलेले दिसत नाही.

१९)
सजावटीच्या बाजूने तीन उत्तरे येतात. पहिले: ‘हे फक्त चित्र आहे.’ पण जाहिरात कधीच फक्त चित्र नसते. कोणाला तरी काहीतरी विकण्यासाठीच ती काढली जाते. दुसरे: ‘असे खोदत गेलो तर भिंतीवर काहीच उरणार नाही.’ येथे काही उतरवण्याची मागणीच नाही. तिसरे उत्तर अधिक वजनदार आहे: ‘चित्रकाराच्या कलेला मालकाच्या पापाची शिक्षा का?’ खरे आहे. पण चित्रकाराला खरी शिक्षा कोण देते? त्याची सही कापणारा. फाल्कुची, दुदोविच, क्रोन ही नावे पुसून त्यांच्या कलेची बाजू घेता येत नाही.

२०)
या पुसापुशीतून एक नवा रोग बळावतो आहे. कधीच अस्तित्वात नसलेल्या जाहिराती ‘जुन्या’ म्हणून छापल्या जातात: मनाने रचलेली घोषवाक्ये, चुकीच्या दशकातील अक्षरवळणे, एका वर्षाची गाडी आणि दुसऱ्याच वर्षाचा पोशाख. ज्या प्रेक्षकाला मुद्रकाची ओळ शोधण्याची सवयच राहिलेली नाही, त्याला अस्सल व बनावट यांत भेद करता येत नाही. मग भूतकाळ ही घडून गेलेली गोष्ट न राहता रंगाची एक छटा होऊन बसते: थोडा पिवळट, थोडा तपकिरी, आणि कोणाच्याही सोयीचा.

२१)
म्हणून इतिहासाची आवड असणाऱ्या तरुणाने भित्तिपत्रक घ्यावे, जरूर लावावे. पण विकत घेण्याआधी पाच प्रश्न विचारावेत. चित्र कोणी काढले? छापले कोणी आणि कोठे? पैसे कोणी दिले? वर्ष कोणते? आणि पत्रकाने दिलेल्या वचनाचे पुढे काय झाले? फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयासारख्या संस्थांचे अंकीय संग्रह आज घरबसल्या पाहता येतात; तेथे पूर्ण कडांसह मूळ पत्रके भेटतात. ज्या पत्रकाबाबत पहिल्या चार प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर मिळत नाही, ते जुने नसण्याचीच शक्यता अधिक.

२२)
उत्तरे मिळाली की दोन बोटे रुंदीची कागदाची पट्टी घ्यावी आणि चौकटीखाली लावावी. १९५९च्या पांढऱ्या पानाखाली एवढे लिहिले तरी पुरे: ‘रचना हेल्मुट क्रोन, मजकूर ज्युलियन केनिग, न्यूयॉर्क, १९५९. याच गाडीसाठी १९३८पासून सुमारे ३ लाख ३६ हजार माणसांनी पैसे भरले. योजनेतून गाडी कोणालाच मिळाली नाही. तडजोड १९६१.’
कात्रीने नेलेली ओळ हाताने परत लिहिता येते. तिला दोन मिनिटे लागतात, आणि पाहुणा चहा घेताना ती नक्की वाचतो.

(समाप्त)